किती आहे ताप?

तान्ह्या बाळाचा कान धरायचा तो वरच्या कडेला, दोन बोटांनी, आणि हलकेच सरळ मागे ओढायचा. मूल वर्षाचं झालं की मागे आणि जरासा वर. वाढत्या वयाबरोबर कानाच्या नळीचं वळण बदलतं, म्हणून ओढायची दिशाही बदलते. ती नळी सरळ झाली तरच थर्मामीटरच्या टोकाला आतला पडदा दिसतो. टोक तिरकं बसलं तर पडद्याऐवजी नळीची भिंत समोर येते. भिंत पडद्याहून गार असते, आणि मग तापलेल्या लेकराचाही ताप कमी दिसतो. बटण दाबायचं, बीप वाजेपर्यंत हात स्थिर ठेवायचा. सेकंद-दोन सेकंदांचं काम. पण तेवढ्यात मूल मान फिरवतं, हात उडवतं, दिव्याकडे बघायला वळतं, म्हणून एकीने मांडीवर धरावं आणि दुसरीने बघावं हे बरं.

पडदाच का? मेंदूच्या तळाशी शरीराची ऊब सांभाळणारं एक केंद्र असतं. गळ्यातून वर जाणाऱ्या ज्या मोठ्या धमनीच्या शाखा त्या भागाला रक्त पुरवतात, तिच्याच शाखा कानाच्या पडद्यापर्यंतही येतात. त्यामुळे आतली ऊब पडद्यावर लवकर कळते. कपाळ वाऱ्याने गार पडेल, हातपाय थंडीने गार पडतील. पडदा मात्र आत, आडोशाला असतो. त्यातून निघणारी उष्णतेची किरणं यंत्र टिपतं. त्यासाठी पडद्याला स्पर्श करावा लागत नाही.

हे यंत्र एका उन्हाळ्यात आमच्या वरकुट्याच्या घरी आलं. वरकुटे नावाची गावं आपल्याकडे बरीच. साताऱ्याकडे माण तालुक्यात वरकुटे-मलवडी आहे, आणि आमच्या एकट्या इंदापूर तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द अशी दोन. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या घरात बाहेरच्याहून जास्त उकडतं. माझी सून पुण्याची. नात आठ महिन्यांची असताना ती उन्हाळ्यात राहायला आली, तेव्हा बाळाच्या पिशवीत हे कानातलं थर्मामीटर होतं. एका दुपारी पोरगी किरकिर करायला लागली. सुनेने कानात बघितलं, तर शंभराच्या वर. जरा वेळाने दुसऱ्या कानात बघितलं, तर साडेनव्याण्णव. माझ्या मनात आलं, एकाच लेकराच्या दोन कानांत दोन ताप कसे?

सुनेने माहितीपत्रक काढून वाचून दाखवलं. त्यात सगळं होतं. मूल ज्या कुशीवर झोपलेलं असतं, तो कान उशीला दाबून गरम होतो. त्या कानात बघायचं तर मुलाला उठवून थोडा वेळ थांबायचं, नाहीतर दुसऱ्या कानात बघायचं. बाहेरून उन्हातून आणलेल्या मुलाला पंधरा-वीस मिनिटं घरात बसू द्यायचं. आणि यंत्र वापरायचं ते दहा ते चाळीस अंश सेल्सियसच्या हवेत. हे शेवटचं वाचून मी वर पत्र्याकडे बघितलं. ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांच्या मनातली खोली आणि आमची दुपारी दोनची खोली यांत फार अंतर आहे. मग आम्ही पोरीला घेऊन स्लॅबच्या खोलीत, जमिनीवर ओला टॉवेल पसरलेल्या जागी बसलो. झबलं काढलं, सुनेने अंगावर पाजलं, आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं. ताप नव्हता. तान्ही मुलं हवेच्या उष्म्यानेच तापतात. त्यांना आपल्यासारखं घामाने अंग गार करता येत नाही, आणि त्यातून गुंडाळून ठेवलेलं असलं की अंगातली ऊब बाहेर पडत नाही.

गुंडाळायची आपल्याकडे भारी हौस. बाळाला कुंची हवी, कुंचीखाली कानटोपी हवी, वर दुपटं हवं. थंडीत ते बरोबरच आहे. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या बाजूने डिसेंबरात पहाटे जे वारं येतं, ते मोठ्या माणसाच्याही कानात शिरतं. पण कुंचीतून काढलेला कान तापलेलाच असतो, आणि त्यात लगेच बघितलं तर आकडा फसवतो. तसंच न्हाण्याचं. अंगाला तेल चोळून, कढत पाण्याने न्हाऊ घालून, ओवा-वावडिंगाची धुरी दिलेलं बाळ लालबुंद होतं. त्या वेळी कुठलंच थर्मामीटर लावू नये, बाळ निवू द्यावं. आणि कानात तेल घालण्याबद्दल मी आता ठाम आहे. न्हाऊ घालणाऱ्या मावशी टाळू भरतात तसं कानातही कोमट तेलाचे दोन थेंब सोडतात. बालरोगतज्ज्ञ हे नको म्हणतात. कान आपला आपण स्वच्छ होतो आणि तेलाने उलट मळ धरतो. नळी तेलाने किंवा मळाने भरलेली असली की यंत्राला पडदा दिसत नाही. मावशींना मी हे नीट सांगितलं. टाळूवर हवं तेवढं तेल घाला, कानात नको. त्यांनी ते ऐकलं.

यंत्र घरात येण्याआधी आमच्याकडे हात होता. माझ्या सासूबाई पोराचा ताप बघायच्या तो पालथ्या हाताने. तळव्याला भाकरीच्या पिठाचा, खुरप्याचा, दोरखंडाचा घट्टा पडलेला. त्याला ऊब कळत नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. चुलीपुढून उठल्या तर आधी हात पाण्याने धुऊन, पदराला पुसून, थोडं थांबायच्या. पाण्यातून काढलेल्या हाताला सगळंच तापलेलं लागतं आणि चुलीपुढच्या हाताला सगळंच गार. मग पालथा हात आधी पोटावर, मग मानेमागे, मग तळपायाला. “कसर हाय अंगात,” असं म्हणाल्या की सुंठ-वेखंड उगाळायला घ्यायच्या. “अंग कढत लागतंय,” म्हणाल्या की कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या. त्यांच्या हाताला कणकण, कसर आणि कढत यांतला फरक कळायचा, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असायचा. या हाताबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पण त्या हाताला जे कळतं ते दुसऱ्याला देता येत नाही. सासूबाईंच्या हातावर घराचा विश्वास होता. त्यांच्या सुनेच्या, म्हणजे माझ्या, हातावर नव्हता.

१९९५-९६ची गोष्ट. माझा मुलगा दीड महिन्याचा होता आणि त्याला त्रिगुणी लसीचा पहिला डोस दिलेला होता. डोसानंतर ताप येतो, हे सगळ्यांना माहीत. पहिल्या रात्री आला, उतरला. चार-पाच दिवसांनी पुन्हा अंग तापलं, आणि या वेळी तो दूध ओढेना. मी रात्री सासूबाईंना उठवून सांगितलं, “आत्या, पोराचं अंग लई तापलंय, अंगावर प्येत न्हाई.” त्यांनी हात लावला. पोरगं नुकतंच घड्या बदलून पुसलेलं होतं. “डोसाचा ताप आसंल, सकाळी बघू,” म्हणाल्या. माझ्या हाताला जे लागत होतं ते मला ओरडून सांगता आलं असतं, पण सांगणार काय? लई म्हणजे किती? शेजारच्या घरी गावातल्या नर्सबाई भाड्याने राहायच्या. मी पोराला घेऊन त्यांच्या दारात गेले. त्यांनी काचेचं थर्मामीटर झटकलं, दिव्याजवळ नेऊन पारा खाली गेला का ते बघितलं, पोराच्या काखेत ठेवून दंड छातीशी धरला आणि घड्याळाकडे बघत बसल्या. मग त्या माझ्याबरोबर आमच्या घरी आल्या आणि ओसरीवर झोपलेल्या माझ्या सासऱ्यांना म्हणाल्या, “मामा, एकशे दोन आहे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ आहे. आत्ता न्यायला पाहिजे.” सासरे उठले. शेजारची जीप काढली. आम्ही त्या रात्री इंदापूर गाठलं. पोराला दवाखान्यात ठेवून इंजेक्शनं द्यावी लागली आणि तो बरा होऊन घरी आला.

त्या रात्री माझा शब्द आणि नर्सबाईंचा शब्द यांत फरक पडला तो एका आकड्याने. मी जे अर्ध्या रात्रीपासून सांगत होते तेच त्यांनी सांगितलं. पण एकशे दोन म्हटल्यावर झोपलेला माणूस उठतो, जीपवाला किल्ली काढतो, डॉक्टर फोनवर पुढचं विचारतो. थर्मामीटर आजार शोधून देत नाही, बरा तर मुळीच करत नाही. बाईला जे हाताने कळलेलं असतं ते बोलता येईल असं करून देतं. ज्या घरात तिच्या बोलण्याला वजन नाही, तिथे तर त्याची फारच गरज आहे.

आकड्याचा हा मान काही पुरातन नाही. जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांची तापमानं वर्षानुवर्षं नोंदवून १८६८ साली ग्रंथ लिहिला. निरोगी माणसाचं सदतीस अंश सेल्सियस, म्हणजे आपलं ९८.६, हे त्यांच्यापासून रूढ झालं. त्यांचं थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होतं, आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं ठेवावं लागायचं. तान्ह्या मुलाला ते कसं लावत असतील, देव जाणे. इंग्लंडमधल्या क्लिफर्ड ऑलबट यांनी त्याच सुमाराला सहा इंचांचं, पाच मिनिटांत काम होणारं थर्मामीटर केलं आणि ते डॉक्टरांच्या खिशात मावायला लागलं. कानातलं थर्मामीटर घराघरांत पोचलं ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. काचेचं मागे पडलं हे चांगलं झालं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर फुटलेल्या थर्मामीटरमधले पाऱ्याचे मणी पोरं बोटाने लोटत खेळायची, आणि तो पारा विषारी असतो हे तेव्हा खेड्यात कुणी सांगत नव्हतं.

पण डॉक्टरांच्या खिशातलं थर्मामीटर खेड्यातल्या बाईच्या हातात देण्याचं काम झालं ते आपल्या महाराष्ट्रात, गडचिरोलीत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात तिथल्या ३९ गावांत गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना आरोग्यदूत केलं. बाळ जन्मलं की या बाईने घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचं, मिनिटभर श्वास मोजायचे, आणि धोक्याची लक्षणं दिसली व घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले तर जंतुदोषावर इंजेक्शनही द्यायचं. ज्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं साधन तयार केलं होतं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर आलो तर न्यूमोनिया. मोजता न येणाऱ्या बाईलाही मोजायला लावणारी ही युक्ती मला फार मोठी वाटते. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये या कामाचे निष्कर्ष छापून आले. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

पुढे २०११ साली हीच रीत देशभर आली, आणि आज आमच्या गावातल्या आशाताईच्या पिशवीत वजनकाट्याबरोबर डिजिटल थर्मामीटर असतं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. तिचं थर्मामीटर कानातलं नसतं, काखेतलं असतं, आणि तेच योग्य आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची कानाची नळी इतकी अरुंद असते की कानातल्या आकड्याचा भरवसा धरता येत नाही. सुनेच्या मैत्रिणी बारशाला एकमेकींना कानातलं थर्मामीटर भेट देतात. भेट चांगली आहे, पण ते सहा महिने कपाटात ठेवावं आणि तोवर मेडिकलमधलं साधं काखेतलं वापरावं.

आशाताईबरोबर मी काही घरी गेले आहे. ती थर्मामीटर लावण्याआधी काय करते ते बघून मला सासूबाईंची आठवण झाली. ती आधी हात धुऊन, कोरडे करून, पालथा हात बाळाच्या पोटाला लावते, मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गार लागले तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार लागले तर बाळ धोक्यात आहे. आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून, वरून दोघांना पांघरून लगेच दवाखाना गाठायचा. हे तिला प्रशिक्षणात शिकवलेलं आहे. आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपल्या घराघरांत अजून पोचलेली नाही. पहिल्या महिन्यात जंतुसंसर्ग झालेल्या बाळाचं अंग तापेलच असं नाही. कितीतरी वेळा ते गार पडतं. आपण ताप नाही म्हणून निश्चिंत असतो आणि बाळ दूध ओढायचं सोडतं, मलूल होतं, उठवल्याशिवाय हलत नाही, मिनिटाला साठाच्या वर श्वास घेतं. दूध सोडलेल्या बाळाचं थर्मामीटर काही का सांगेना, त्याला न्यायचंच. आणि उलट, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या काखेत साडेनव्याण्णव जरी निघालं तरी घरी घड्या ठेवत बसायचं नाही. मोठ्या मुलाचा एकशे एक एखादा दिवस खेळण्या-खाण्याकडे बघून थांबू देतो. एवढ्या लहानग्याचा देत नाही.

साखर कारखाने सुरू झाले की आमच्या भागात ऊसतोड कामगार येतात, बीडकडचे जास्त. भवानीनगरचा छत्रपती कारखाना, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. तीन कारखान्यांचा ऊस एका तालुक्यात. मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात, आणि कोप्यांमध्ये तान्ही मुलं असतात. पहाटे अंधारात आई-बाप फडावर जातात, बाळ झोळीत किंवा चार-पाच वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर. जन्म एका जिल्ह्यातला, सहा भेटींची यादी दुसऱ्या गावच्या आशाताईच्या वहीत, आणि बाळ तिसऱ्याच शिवारात. ही बाळं आपल्या यादीत नसली तरी आमची आशाताई कोप्यांवर जाते. तिला कुणी तसं सांगितलेलं नाही.

गेल्या हंगामात मी तिच्याबरोबर गेले तेव्हा एका कोपीत दीड महिन्याचं बाळ होतं. आई विशीतली, कोयता नुकताच खाली ठेवलेला, हाताला उसाच्या पाचटाच्या बारीक चिरा. आशाताईने बाळाच्या काखेत थर्मामीटर लावलं, दंड दाबून धरला. बीप वाजला तशी ती पोर पुढे वाकून म्हणाली, “किती हाय?” आशाताईने थर्मामीटर तिच्याच हातात दिलं. आकडे तिला येत होते. घरच्यांचे मोबाइल नंबर तिला पाठ होते. तिने अठ्ठ्याण्णव पॉइंट एक असं मोठ्याने वाचलं, आणि मग विचारलं, हे कुठं मिळतं, कितीला मिळतं. मी म्हटलं, “इंदापुरात कुठल्याबी मेडिकलात. काखेतलं माग, कानातलं नको, बाळ अजून ल्हान हाय.” बाळाच्या लसीचं कार्ड तिने पिशवीतून काढून दिलं. आशाताईने त्याच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत ९९.५ लिहिलं, खाली ‘दूध पीत नसेल तरीही’ असं लिहिलं आणि त्याच्याखाली रुग्णवाहिकेचा नंबर, १०८. पुढच्या बाजाराला त्यांच्या मुकादमाकडून तिने थर्मामीटर मागवलं, आणि मी पुन्हा गेले तेव्हा शेजारच्या कोपीतली बाई आपलं पोर घेऊन तिच्याकडे आलेली होती.